वैशाखातील बागेची निगा : पाणी प्रथम कोणत्या झाडास द्यावे?

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे बालाघाटाच्या मुलखातील विहिरी तळ गाठू लागतात, आणि नेमकी त्याच वेळी झाडांची तहान वाढते. नांदूरघाट, केज ह्या बाजूच्या बागाइतदारास ह्या दिवसांत कामे पुष्कळ असतात. परंतु त्या सर्वांचा हेतू एकच होय, तो हा की, मृगाचा पाऊस पडेपर्यंत झाड जिवंत व निरोगी राखावे. उन्हाळा हा बाग वाढविण्याचा नव्हे, बाग जगविण्याचा ऋतू आहे.

ह्याचे महत्त्व आपल्या भागास निराळे सांगावयास नको. सन २०१२-१३ च्या अवर्षणात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा उभ्या वाळल्या. पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्याच केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. एका वर्षाचे फळ गेले तर एक वर्ष गेले. पण झाड गेले तर नवे लावून ते फळास येईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. म्हणून फळापेक्षा झाड मोठे, हे सूत्र धरून सर्व कामे करावीत.

पाण्याचा हिशेब :— प्रथम विहीर मोजावी. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर होय. सायंकाळी उपसा बंद केल्यावर सकाळपर्यंत पाणी ३० सेंटिमीटर चढले, तर रोजची आवक सुमारे ८,५०० लिटर झाली. फळधारी मोठ्या मोसंबीस भर उन्हाळ्यात रोज १०० लिटर पाणी धरले, तर एवढ्यात ८५ झाडे पोसतात. बागेत ३०० झाडे असतील, तर प्रत्येकास २८ लिटरच येतील. त्यात फळ तर पोसणार नाहीच, झाडही क्षीण होईल. असा हिशेब दर आठ दिवसांनी करावा आणि तो मृग नक्षत्र लागेपर्यंतचा न धरता, पाऊस लांबेल असे समजून आणखी तीन आठवड्यांचा धरावा.

पाण्याची वाटणी :— पहिला मान एक ते तीन वर्षांच्या कलमांचा. त्यांची मुळे उथळ असल्याने ती आधी दगावतात. प्रत्येक कलमाजवळ बुडाशी भोक पाडून त्यात चिंधीची वात बसविलेले कच्चे मडके पुरावे, पाण्याने भरावे व वर झाकण ठेवावे. पाच लिटरच्या मडक्याने ४० कलमांस एका वेळी २०० लिटर, म्हणजे एक पिंप पाणी पुरते.

दुसरा मान मोसंबीच्या मोठ्या झाडांचा. पाणी बुंध्यास लागू न देता दुहेरी आळे करून फांद्यांच्या घेराखाली द्यावे, कारण बुंध्याशी ओल राहिल्यास डिंक्या रोग बळावतो. आंबे बहाराची फळे झाडावर असून हिशेबात पाणी अपुरे दिसत असेल, तर फळे मोठी होण्याची वाट न पाहता ती विरळ करावीत; पाणी फारच थोडे असल्यास सर्व उतरवावीत. हे करताना हात कचरतो हे खरे, परंतु झाड वाचविण्याचा हाच मार्ग आहे. ज्यांस मृग बहार धरावयाचा आहे, त्यांनी हलक्या जमिनीत सुमारे ३० ते ३५ दिवस व भारी जमिनीत त्याहून अधिक ताण द्यावा. मात्र अशक्त झाडास ताण देऊ नये.

आंब्यास फळे पक्व होण्याच्या सुमारास, उतरणीपूर्वी दोन-तीन आठवडे, पाणी तोडावे. त्याने पाणी वाचते व फळही टिकाऊ होते. पाड लागताच आंबा झेल्याने, देठासह, सकाळच्या वेळी उतरवावा.

सीताफळास ह्या दिवसांत पाणी देऊच नये. पाने झाडून निजलेले हे झाड ओल मिळताच फुटते. परंतु उष्ण व कोरड्या हवेत त्याचा फुलोरा बहुतांशी गळून जातो. पावसाबरोबर येणारा बहारच आपल्या बरड जमिनीस मानवतो. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही असल्याच डोंगराळ जमिनीच्या फळास. आता फक्त वाळलेल्या फांद्या व झाडावर राहिलेली काळी फळे काढून जाळावीत, आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. त्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना निरनिराळ्या भांड्यांत भिजवून एकूण १० लिटर पाण्यात एकत्र करावा.

ओल राखणे :— आळ्यात उसाचे पाचट, भुसकट किंवा वाळलेले गवत चार बोटे जाड पसरावे. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी व वाळवीवर नजर असावी. काळ्या जमिनीस भेगा पडून मुळे तुटतात व खोलवरची ओल उडते, म्हणून वरचेवर हलकी खुरपणी करून भेगा बुजवाव्यात. पाने कोमेजू लागल्यास १० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम केओलिन मिसळून फवारल्याने पानांतून होणारे बाष्पीभवन कमी होते.

खड्डे :— नव्या लागणीचे खड्डे आताच खणावेत, म्हणजे उन्हाने माती तापून तिच्यातील किडी व बुरशी बऱ्याच अंशी मरतात. आंब्यास १ मीटर व सीताफळास ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा पुरे. मृगापूर्वी तो वरच्या थराची माती व कुजलेले शेणखत ह्यांनी भरावा. सीताफळ ५ मीटर अंतरावर लावल्यास एकरी १६० झाडे बसतात. पण खड्डे खणण्यापूर्वी पुढील उन्हाळ्यात किती कलमांस पाणी पुरेल, हे आजच्या विहिरीवरून ठरवावे. वैशाखात जेवढी झाडे पोसता येतील, तेवढीच आषाढात लावावीत.