देवाला दिलेली वस्तू : कार्ल्याचे खांब आणि नवसाचे पाय

चैत्र लागला की गव्हाण, न्हावे, उलवे या पट्ट्यातली आगरी-कोळी माणसं घाट चढून कार्ल्याला आई एकवीरेच्या पालखीला जातात. कुणाला ओटी भरायची असते, तर कुणाला कोंबड्या-बकऱ्याचा मान द्यायचा असतो. लेकरू व्हावं म्हणून बोललेला नवस फेडायला कुणी पाळणा घेऊन येतं.

एकवीरेचं देऊळ उभं आहे ते चैत्यलेण्याच्या तोंडाशीच. दर्शन उरकून परत फिरण्याआधी या लेण्यात जरूर डोकवावं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेण्यातले कितीतरी खांब कुणी ना कुणी दान दिलेले आहेत, आणि देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत तिथेच कोरलेली आहेत. बाहेरचा सिंहस्तंभ गोतीपुत्र महारठी अग्निमित्रणकाचा. दाराचं दान एका गंधिकाचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं. आतले अनेक खांब धेनुकाकट नावाच्या गावच्या लोकांचे, आणि त्यातले काही स्वतःला यवन (त्या काळच्या भाषेत ग्रीक) म्हणवतात. पण नावं पाहावीत तर सिहधय, धम्म! यवन म्हणवणारा माणूस इथे इतका मुरला होता, की त्याच्या नावावरून तो ओळखूही येऊ नये. ग्रीक जगाशी आपल्या नात्याचा इतका जवळचा पुरावा आपल्या घाटमाथ्यावर आहे, याचा आनंद वाटतो.

एक फरक मात्र नीट लक्षात घ्यायला हवा. कार्ल्याचा खांब हे पुण्यासाठी केलेलं दान आहे. तिथे सौदा नाही.

ग्रीकांकडे देवाशी उघड देवाणघेवाण चाले. बॉस्टनच्या संग्रहालयात वीतभर उंचीची एका पुरुषाची कांस्यमूर्ती आहे, इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्या दोन्ही मांड्यांवर मजकूर कोरलेला आहे. मांटिक्लॉस नावाच्या माणसाने ती कमाईच्या दहाव्या हिश्श्यातून अपोलोला वाहिली, आणि त्याच दमात देवाकडे काहीतरी चांगलं परत मागितलं. आपल्याकडे आधी मागणं आणि काम झाल्यावर फेड. इथे मांटिक्लॉसने आधी देऊन मग हात पसरला. अर्थात ग्रीक लोक आपल्यासारखा नवस बोलून मग फेडतही असत.

ग्रीसमधल्या कॉरिंथला वैद्यदेव अस्क्लेपिओसच्या स्थानाजवळ उत्खननात भाजक्या मातीचे पाय, हात, स्तन, कान, डोळे निघाले. बरेचसे थेट माणसाच्या मापाचे. दुखणं जिथलं, तो अवयव घडवून देवाला वाहायचा. देवळात जागा उरली नाही की जुन्या वस्तू काढत, पण बाहेर टाकत नसत. देवाची झालेली वस्तू त्याच पवित्र आवारात पुरली जाई. आज त्या हाती लागतात त्या यामुळेच.

हे सगळं परकं वाटत असेल, तर सप्टेंबरात बांद्र्याच्या जत्रेला जाऊन यावं. कोळी जिला मोत मावली म्हणतात त्या माउंट मेरीच्या वाटेवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला मांडलेली असतात. पाय दुखणारा मेणाचा पाय घेतो, घर हवं असलेला मेणाचं घर. घेणाऱ्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. आपल्या देवळांतले चांदीचे डोळे याच घराण्यातले.

पुढच्या लेखांकात सायप्रसला जाऊ. तिथल्या आया इरिनी गावात 1929 साली स्वीडिश संशोधकांना मातीच्या सुमारे 2000 मूर्ती सापडल्या, वेदीभोवती अर्धवर्तुळात दाटीने उभ्या केलेल्या.