उपास सुटला की रात्रीच मांडवाला हात; ज्यूंच्या सुक्कोथ सणाची तयारी अशी होते

अलिबाग : अलिबागची इस्राएल आळी सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, ते बेने इस्राएल लोक रायगडच्या गावागावांत पिढ्यानपिढ्या राहिले. १९४८ नंतर बरेचसे इस्रायलला गेले, मागे थोडीच घरं उरली. शेजारी राहूनही त्यांच्या सणांची माहिती आपल्याला कमीच. त्यातला सुक्कोथ तर शेतकऱ्याला लगेच कळावा असा. मराठी बायबलात त्याला मंडपांचा सण म्हटलंय.

ज्यूंच्या तिश्री महिन्यात दहाव्या दिवशी योम किप्पूरचा कडक उपास असतो. पाणीसुद्धा नाही. वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. मग पौर्णिमेला सुक्कोथ लागतो. २०२५ साली त्याची पहिली रात्र आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आली होती. मधे दिवस मिळतात चारच. म्हणून उपास सुटला की त्याच रात्री मांडवाची एखादी तरी काठी रोवायची रीत आहे. तोंडाने माफी मागून झाली, आता हाताने काहीतरी चांगलं करा, असा त्याचा अर्थ लावतात.

मांडव म्हणजे साधी खोप. मिसरच्या गुलामीतून सुटलेले पूर्वज चाळीस वर्षं रानात खोपटांत राहिले, त्याची ही आठवण, आणि पीक घरात आल्याचा आनंदही. भिंती कशाच्याही चालतात, जुन्या चादरींच्यासुद्धा. छपराचे नियम मात्र पक्के. जमिनीत उगवलेलं आणि तोडलेलंच वर घालायचं. बांबू, नारळाच्या झावळ्या चालतात. ताडपत्री, पत्रा नाही. वर झाडाची फांदी किंवा घराचं छप्परही नको. उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, पण रात्री फटींतून तारे दिसावेत. कोकणात झावळ्यांना तोटा नाही म्हणा! पूर्वी इथले बेने इस्राएल याच महिन्यात खिरीचा सण करत, नव्या धान्याची खीर असायची. मांडवाची रीत इथे नंतर रुजली.

खरी मजा सजावटीत. देवाची आज्ञा नुसती पाळायची नाही, देखणी करून पाळायची, याला ते ‘हिद्दूर मित्सवा’ म्हणतात. बायबलात निवासमंडप बांधणारा बसालेल हा कारागीर. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं, असं तिथे लिहिलंय. म्हणजे लाकूड कोरणं, कापड विणणं हेही भक्तीचंच काम. म्हणून मुलं कागदाच्या साखळ्या करतात, चित्रं काढतात. मोठी माणसं फळं, कणसं टांगतात. टांगलेलं फळ सण संपेपर्यंत खायचं नाही. लहान पोरांना हे सगळ्यात अवघड जात असणार.

चित्रांत बरेचदा सात पाहुण्यांची नावं असतात: अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, अहरोन, योसेफ आणि दावीद. रोज एकाला मांडवात जेवायला बोलवायचं. ज्या घरातली पोरंबाळं परदेशात गेलीत, मागे दोन म्हातारी माणसं आहेत, तिथेही ताटाला सोबत होते ती अशी.

कोकणात पंचाईत पावसाची. परतीचा पाऊस आला की रात्रभर बसून केलेली कागदी साखळी लगद्यासारखी लोंबते. जेवण बिघडेल इतकं पाणी गळायला लागलं तर घरात जायला मुभा आहे. सकाळी पुन्हा दोरा-सुई घेऊन बसायचं.

सणात चार वनस्पती हातात घेऊन प्रार्थना होते: खजुरीचा न उमललेला झाप, मर्टल, वाळुंज आणि महाळुंग. महाळुंग बिनडागी हवं, म्हणून ते कापसात जपून ठेवतात. सण उरकला, मांडव उतरला की काही घरांत त्याच महाळुंगात लवंगा टोचतात. शनिवार संपताना सुवास घ्यायचा असतो, त्याला ते पुढे कितीतरी दिवस पुरतं.