शाळेच्या आधी आलेला घोडेस्वार

शाळा आधी बांधायची आणि मग तिच्या भिंतीवर किंवा आवारात इतिहासाचं एखादं शिल्प बसवायचं, हा नेहमीचा क्रम. पुण्याच्या शिवाजीनगरात तो उलटा झाला. श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण १६ जून १९२८ रोजी झालं. शाळा चार वर्षांनी, १९३२ मध्ये सुरू झाली. पुतळा शाळेची शोभा वाढवायला आणला नव्हता; पुतळा आणि शाळा या दोन्ही गोष्टी एकाच स्मारकाच्या कल्पनेतून निघाल्या.

मी वसईचा. आमच्याकडे इतिहास पायाखाली आहे. किल्ल्याचे बुरूज, पडकी चर्च, चिमाजी अप्पांचं स्मारक हे सगळं मुलांना एका सहलीत दाखवून होतं. पण वर्षाचे बाकीचे दिवस मुलं ज्या इमारतीत काढतात, तिथे इतिहास बहुतेक वेळा छापील फलकावर असतो आणि दोन पावसाळ्यांत त्याचा रंग उडतो. म्हणून पुण्याचा हा पुतळा मला महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या रोजच्या वाटेवर इतिहासाचं शिल्प उभं करायचं तर त्यासाठी किती विचार, किती हुन्नर आणि किती धातू लागतो, ते तिथे कळतं.

स्मारकाची कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. कोल्हापुरात १९०१ मध्ये त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, नंतर एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांगच उभी केली, आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं. शिवाजी महाराजांचं स्मारक करायला निघालेल्या या माणसाला नुसता चौथरा पुरणार नव्हता. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर मराठा संस्थानिकांना बरोबर घेऊन त्यांनी अखिल भारतीय श्री शिवाजी मेमोरियल सोसायटी उभी केली. पुण्यात आज या संस्थेची शाळा-महाविद्यालयं आहेत, आणि मूळ स्मारक त्यांच्यापासून वेगळं काढता येत नाही.

पायाभरणी १९ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते झाली. दोनच दिवस आधी हे युवराज मुंबईत उतरले होते. असहकाराचे दिवस होते, दौऱ्यावर बहिष्कार होता आणि मुंबईत दंगल उसळली होती. अशा वेळी स्वराज्याच्या संस्थापकाच्या स्मारकाचा दगड साम्राज्याच्या वारसाकडून बसवून घेणं अनेकांना खटकलं, आजही खटकतं. मला त्यात शाहू महाराजांचा हिशेब दिसतो. टिळकांच्या शिवजयंती उत्सवापासून शिवाजी महाराज कोणाचे, हा पुण्यातला धगधगता प्रश्न होता. पुढे १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत जोतीराव फुले यांच्या पुतळ्याचा ठराव आणला, तेव्हा तो हाणून पाडला गेला. त्या शहरात ब्राह्मणेतर चळवळीच्या पाठबळावर एवढं स्मारक उभं करायचं, तर कोणी अडवू शकणार नाही असा हात पायाच्या दगडाला लागणं त्यांना गरजेचं वाटलं असावं. पूर्ण झालेलं स्मारक मात्र त्यांना पाहायला मिळालं नाही. ६ मे १९२२ रोजी ते गेले, १९२५ मध्ये माधवराव शिंदेही गेले. काम शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात तडीस गेलं आणि अनावरण मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी केलं.

पुतळा घडवला विनायक पांडुरंग करमरकर यांनी. नानासाहेब करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे, जन्म २ ऑक्टोबर १८९१. त्यांची सुरुवातच भिंतीवरच्या इतिहासाने झाली. गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते नजरेस पडलं आणि त्यांनी मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. पुढे कलकत्ता, मग लंडनची रॉयल अकॅडमी. एका खेड्यातल्या देवळाची भिंत नसती, तर पुण्याचा पुतळा वेगळ्याच कोणाच्या हातून झाला असता.

 

करमरकरांपुढचं काम जबर होतं. पुतळा सुमारे साडेतेरा फूट उंच, वजन आठ टनांच्या घरात. अश्वारूढ पुतळा ही शिल्पकाराची सगळ्यात अवघड परीक्षा मानतात, आणि त्यामागे साधं गणित आहे. घोड्याचं धड, वरचा स्वार आणि त्याचा तोल, हा सगळा भार बारीक पायांवर येतो. मातीत काम करताना आत लोखंडी सांगाडा असतो, त्यामुळे हे चालून जातं. धातूत तेच पाय स्वतःच्या ताकदीवर उभे राहावे लागतात. आधी मातीचं प्रतिरूप, त्यावरून प्लास्टरचा साचा, मग आत गाभा ठेवून ओतकाम, म्हणजे मूर्ती पोकळ राहते आणि धातूची जाडी सगळीकडे सारखी येते. तांबं आणि कथिल यांचा रस हजार अंशांच्या आसपास तापवून न थांबता ओतावा लागतो. मध्ये खंड पडला तर आधीचा थर गोठतो आणि सांधा कच्चा राहतो. आतल्या वाफेला वाट ठेवली नाही तर साचा फुटतो.

इतका रस एका वेळी वितळवायची सोय मूर्तिकाराच्या कारखान्यात कुठून असणार? म्हणून ओतकाम मुंबईच्या माझगाव गोदीत झालं. जहाजांचं काम करणाऱ्या त्या भट्ट्यांना टनांत मोजलेल्या धातूची सवय होती. एकसंध ओतकाम म्हणून या पुतळ्याची ख्याती आहे, आणि तिचं निम्मं श्रेय मला त्या गोदी कामगारांचं वाटतं. पुतळ्यासमोर उभं राहून आपण शिल्पकाराचं नाव घेतो. भट्टीपाशी उभे राहिलेल्यांची नावं कोणी घेत नाही.

या कामात धातूपेक्षा मोठी अडचण चेहऱ्याची होती. आज पाठ्यपुस्तकांमुळे शिवाजी महाराजांचा चेहरा आपल्या ओळखीचा वाटतो. १९२८ मध्ये तसं नव्हतं. महाराजांचं म्हणून त्या काळी एक चित्र फिरत होतं, ते खरं दुसऱ्याच कोणाचं, इब्राहिम खान नावाच्या सरदाराचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून मिळवलेलं विश्वसनीय चित्र लोकांपुढे आलं ते १९३३ मध्ये, म्हणजे पुतळा बसल्यावर पाच वर्षांनी. ज्याच्या चेहऱ्याबद्दल अभ्यासकांचंच एकमत व्हायचं होतं, त्याला करमरकरांनी काशात उभं केलं. नंतरच्या संशोधनाने पुतळा जुना ठरला, असं मला वाटत नाही. इतिहासाचं शिल्प त्या त्या काळाला जेवढं ठाऊक असतं तेवढ्यावरच उभं राहतं. शाळेत तर हे मुलांना उघड सांगायला हवं: पुतळा १९२८ चा, चित्र १९३३ चं, आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. इतिहासाच्या तासाला यापेक्षा चांगलं साधन मला सुचत नाही.

करमरकरांना पुढे पद्मश्री मिळाली, आणि सासवण्याला त्यांच्या राहत्या घरी त्यांचं शिल्पालय आहे. अलिबागला जाणाऱ्याने वाट थोडी वाकडी करून तिथे जावंच.

वसईतल्या एखाद्या संस्थेने उद्या असं काम काढायचं ठरवलं, तर विषयांची वाण नाही. वसईत जन्मून १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया आहेत, १७३९ चा वेढा आहे. माझं मत मात्र घंटांना. मराठ्यांनी किल्ला घेतल्यावर वसईच्या चर्चमधल्या घंटा गावोगावच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर दुसरी, १७०७ सालची; तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया अजून स्पष्ट दिसते. चर्चसाठी ओतलेल्या त्या घंटा आज देवळात वाजतात, आणि वसईच्या शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांना त्यांत आपापला वाटा सापडेल. त्यासाठी शिल्पकाराला मेणवलीला आणि नाशिकला पाठवून मापं घेऊ द्यावीत, मातीचं प्रतिरूप आधी शाळेत ठेवून शिक्षकांना आणि मुलांना बोलू द्यावं, आणि उद्घाटनाची तारीख ओतकाम पुरं झाल्यावरच ठरवावी.