सेकंदाला 3,900 नूडल्स

2024 साली जगभरात इन्स्टंट नूडल्सची पाकिटे आणि कप मिळून सुमारे 12,300 कोटी नग खपले. एवढा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून तो फोडून पाहू. जगातल्या प्रत्येक माणसामागे वर्षाला पंधरा. सेकंदाला सुमारे 3,900. वाळलेल्या नूडल्सची एक वडी दहा सेंटिमीटर रुंद धरली आणि या सगळ्या वड्या एकीला एक लावून मांडल्या, तर रांग 1 कोटी 23 लाख किलोमीटर भरते. तेवढ्या अंतरात चंद्रावर जाऊन परत येण्याच्या सोळा फेऱ्या होतात.

यात भारतीयांनी संपवलेली पाकिटे 800 कोटींहून जास्त, पण आपली लोकसंख्या पाहता माणशी सहासुद्धा पडत नाहीत. दक्षिण कोरियात सव्वापाच कोटींच्या आतबाहेर माणसे राहतात आणि ती वर्षाला सुमारे 410 कोटी राम्यॉन, म्हणजे तिथल्या इन्स्टंट नूडल्स, खातात. माणशी जवळपास 79, म्हणजे आठवड्याला दीड. त्यांच्या पुढे आहेत ते फक्त व्हिएतनामी.

दक्षिण कोरियात राम्यॉन आला तो भुकेपोटी. युद्धाने होरपळलेल्या सोलच्या नामदेमुन बाजारात अमेरिकी लष्कराच्या उष्ट्यापाष्ट्याची पेज विकत घ्यायला लोक रांगा लावत. ते पाहून सामयांग कंपनीच्या संस्थापकाने जपानहून तंत्र आणि यंत्रे मिळवली, आणि 1963 मध्ये 10 वॉनला पहिले पाकीट बाजारात आणले. 2024 मध्ये कोरियाने याच राम्यॉनची सुमारे 125 कोटी डॉलरची निर्यात केली. रुपयांत सांगायचे तर साडेदहा हजार कोटींच्या घरात. 2015 साली ती जेमतेम 22 कोटी डॉलर होती. नऊ वर्षांत साडेपाच पटींहून जास्त!

या उडीमागे सर्वांत मोठा हात एकाच पाकिटाचा आहे: 2012 साली आलेल्या सामयांगच्या ‘बुलडाक’चा. झणझणीत भाजलेल्या कोंबडीची चव नूडल्सवर उतरवायची होती. कंपनी सांगते की त्या प्रयोगांत 1,200 कोंबड्या आणि 2 टन सॉस खर्ची पडला. तिखटपणा 4,404 स्कोव्हिल. 2014 मध्ये ‘कोरियन इंग्लिशमन’ या यूट्यूब वाहिनीने लंडनकरांना या नूडल्स खायला घातल्या. घामाघूम चेहरे, पाण्यासाठी धावाधाव. पाहणाऱ्यांनी तीच पैज आपापल्या घरी लावली आणि देशोदेशी ‘फायर नूडल चॅलेंज’ सुरू झाले.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: परक्यांनी हा पदार्थ आधी जेवण म्हणून उचललाच नाही, धाडस म्हणून उचलला. पण पैज एकदा जिंकली की माणूस थांबतो, दुसरे पाकीट घेत नाही. रोज खायचे तर जिभेला झेपायला हवे. म्हणून मलई-चीजच्या चवीचा, तिखट बराच उतरवलेला ‘कार्बोनारा’ प्रकार आला आणि 2024 मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत तो मिळेनासा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये डेन्मार्कने उलट टोक गाठले. अतितिखट म्हणून बुलडाकचे तीन प्रकार बाजारातून मागे घ्यायला लावले. त्यातला सर्वांत जहाल 13,000 स्कोव्हिलच्या आसपासचा. महिन्याभराने दोन प्रकारांवरची बंदी उठली, जहाल तेवढा बाहेर राहिला. 2024 मध्ये सामयांगच्या दर चार वॉनच्या विक्रीतले तीन वॉन कोरियाबाहेरून आले.

ज्या मिरचीवर हे सारे चालले आहे, ती कोरियाचीही नव्हे आणि आपलीही नव्हे. अमेरिका खंडातून निघालेली ही मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली आणि त्याच शतकाच्या अखेरीच्या सुमारास कोरियात पोचली. मिरची घालून आंबवलेल्या कोबीची लालभडक किमची ही त्यानंतरची गोष्ट.

कोरियातून जगभर जाणारा दुसरा पदार्थ म्हणजे गिम, समुद्रशेवाळाची वाळवलेली पातळ पाने. त्याची कथा वेगळी आहे. पाश्चात्त्यांना हा काळा कागद पूर्वी खाण्याजोगा वाटत नसे. तेच लोक आता त्याची कुरकुरीत पाने चिप्ससारखी खातात. 2023 मध्ये कोरियाची गिम-निर्यात 79 कोटी डॉलर झाली, 2024 मध्ये 100 कोटींच्या उंबरठ्यावर पोचली. ट्रेडर जोज या अमेरिकी दुकानसाखळीने 2023 च्या ऑगस्टमध्ये गोठवलेला किंबाप, म्हणजे गिममध्ये गुंडाळलेला भात, 3.99 डॉलरला ठेवला. सुमारे 250 टनांचा पहिला साठा महिन्याभरात संपला. परदेशाने एवढी मागणी केली की 2024 मध्ये खुद्द कोरियातल्या घरांना गिम महाग पडू लागले.

आणि किमची? कोरियन माणसाचे ताट जिच्यावाचून अपुरे, जी घालण्याच्या सामुदायिक परंपरेला युनेस्कोने 2013 मध्ये मानवतेचा वारसा म्हटले, तिची 2024 ची निर्यात 16 कोटी डॉलर. राम्यॉनच्या आठव्या हिश्श्याइतकी. किमची आंबते, वास सोडते, तिला थंडावा लागतो, आणि तिची गोडी लहानपणापासून लागलेली असावी लागते. वाळलेले पाकीट यातले काहीच मागत नाही. परक्या देशाचे अन्न आपण स्वीकारतो तेव्हा त्यातले बहुधा सर्वांत हलके, टिकाऊ आणि बिनकटकटीचे तेवढे उचलतो. या आकड्यांतून मला तरी हेच दिसते. 2024 मध्ये तर कोरियाने स्वतः सुमारे 19 कोटी डॉलरची किमची आयात केली, निर्यातीपेक्षा जास्त, आणि ती जवळजवळ सगळी चीनमधून आली.