मैदान आडवं कापताना

सकाळी ६:३०. चर्चगेटला उतरून थेट ओव्हल मैदान. ऊन तापायच्या आत फाटकं टिपायची आहेत. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या नकाशावर मोकळी जागा बहुभुज काढून दाखवतात, पण मार्ग शोधणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमना फक्त रेषा कळतात. बहुभुज दिला की ते माणसाला त्याच्या कडेकडेने फिरवतात. माणूस मात्र समोरचं फाटक हेरतो आणि सरळ सुटतो. म्हणून कुंपण, फाटक, वेळेची पाटी, सगळ्याचे फोटो.

९:३०. मैदानाच्या मधून जाणाऱ्या, कुंपणातल्या वाटेवर फोर्टात कामाला निघालेल्यांचा लोंढा. ही वाट रेषाच. तिच्यावर डोकं खाजवायची गरज नाही.

११:००. आझाद मैदान. खरी कसोटी इथे. १९८८ मध्ये सचिन आणि कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली ती याच मैदानावर. एकाला खेटून एक सामने चाललेले. डाव रंगात असला की जाणारे-येणारे सीमारेषेबाहेरून वळसा घेतात, खेळ थांबला की तेच तिरके घुसतात. ही समज नकाशात कशी भरायची? मी खेळपट्टीवरून रेषा ओढत नाही. पायांनी गवत झडून जिथे माती दिसते, तेवढीच पायवाट काढतो.

१:३०. वडापाव, कटिंग, फोन चार्जिंगला.

२:००. लॅपटॉप. काही हौशी मंडळी प्रत्येक फाटकापासून प्रत्येक फाटकापर्यंत रेषा ओढून मोकळे होतात. मार्ग लगेच सरळ होतो, हे खरं. पण जमिनीवर नसलेली वाट नकाशात घालणं मला पटत नाही. उद्या मधे मंडप पडला तर इतक्या रेषा कोण पुसणार? हे काम प्रोग्रॅमचं. ओपनट्रिपप्लॅनर ते करतो: एकमेकांना दिसणारे कोपरे आपणच जोडून त्यांतून जवळची वाट काढतो. त्यालाही मर्यादा आहेच: बिंदू वाढले की तपासायच्या जोड्या भराभर वाढतात. २० बिंदूंमध्ये जास्तीत जास्त १९० जोड्या, १०० बिंदूंमध्ये ४,९५०. म्हणून गोलाईदार कुंपणावर उगाच बिंदू पेरायचे नाहीत. फाटक मात्र कडेवरच्या बिंदूवर हवं आणि बाहेरच्या रस्त्याला रेषेने जोडलेलं हवं. ते सुटलं तर आतली सगळी मेहनत फुकट, कारण प्रोग्रॅमला आत शिरायला दारच नाही.

५:३०. परतीची गर्दी. काढलेल्या पायवाटा फोनवर धरून चालून बघितल्या. झाडांखाली जीपीएस भरकटतं, तिथे उपग्रहचित्रावर जास्त विश्वास.

रात्री ९:००. घरी. फाटकांच्या वेळा भरणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. ती नोंद नसली तर अॅप रात्री एकट्या बाईला कुलूपबंद फाटकापाशी आणून सोडतं. तुम्ही रोज एखादं मैदान ओलांडत असाल तर तिथलं फाटक कधी उघडतं, कधी बंद होतं, एवढं तरी ओपनस्ट्रीटमॅपवर टाका. खातं फुकट उघडता येतं.