एकाकीपणाचे नाट्य : 'क्रॅप्स लास्ट टेप'

एकाकीपणा हा एकांकिकेचा विषय झाला की नाट्यसंघर्षाचा प्रश्न उभा राहतो. कारण संघर्षाला प्रतिपक्ष लागतो आणि एकाकी पात्राजवळ नेमका तोच नसतो. सॅम्युअल बेकेट यांनी 'क्रॅप्स लास्ट टेप' (१९५८) या एकपात्री एकांकिकेत टेपरेकॉर्डरलाच प्रतिपक्षाचे स्थान दिले आहे. ६९ वर्षांचा क्रॅप स्वतः ३९ व्या वर्षी मुद्रित केलेली फीत ऐकतो. त्या आवाजातील आत्मविश्वास आणि समोरचा थकलेला देह यांतील विसंगती हाच येथील संघर्ष होय. तरुणपणीच्या साक्षात्काराचे वर्णन येताच क्रॅप चिडून फीत पुढे नेतो; नावेत प्रेयसीशी झालेल्या ताटातुटीचा भाग मात्र मागे नेऊन पुन्हा ऐकतो. गमावलेल्या प्रेमाचे मोल तो बोलून दाखवीत नाही. या दोन कृतींतूनच ते प्रेक्षकाला उमगते. अखेरीस नवे मुद्रण अर्धवट टाकून तो जुनीच फीत लावतो. मुद्रित आवाज संपतो, फीत निःशब्द फिरत राहते. प्रतिपक्षही मौन होतो आणि एकाकीपणा पूर्ण होतो. हा शेवट संवादात नाही, रंगसूचनेत आहे. म्हणूनच अशा एकांकिकांच्या अध्यापनात रंगसूचना वगळून केवळ संवादांचे विवेचन करणे म्हणजे त्यांतील नाट्यच वगळणे ठरते.