ऑल्टर्ड सेव्हन्थ कॉर्ड आणि चार कोमल स्वर

जॅझच्या पुस्तकात कॉर्डच्या नावापुढे नुसतं 'ऑल्ट' लिहिलेलं दिसतं आणि हात थबकतात. नेमक्या कोणत्या पट्ट्या दाबायच्या, हे त्या खुणेत कुठेच नसतं. हार्मोनियमवरून पियानोकडे आलेले माझे बरेच विद्यार्थी इथेच पुस्तक मिटतात. खरं तर याचं उत्तर त्यांना सरगमच्या भाषेत आधीच ठाऊक असतं. कसं, ते आज बघू.

पांढरी एक, म्हणजे सी, हा आपला सा. मग जी झाला प. जी सेव्हन या कॉर्डमध्ये चार स्वर: प, नी, रे, म. त्यावर नववा स्वर चढवला तर ध.

यातले नी आणि म म्हणजे कॉर्डचा जीव. नी वरच्या सा कडे ओढ घेतो, म खालच्या ग कडे. दोघं एकत्र वाजले की कान पुढच्या कॉर्डची वाट बघू लागतो. म्हणून या दोघांना हात लावायचा नाही.

ऑल्टर्ड म्हणजे बदललेली. बदल होतो तो पाचव्या आणि नवव्या स्वरात. जीपासून पाचवा रे. तो अर्धा स्वर उतरवला की कोमल रे, चढवला की कोमल ग. नववा ध. उतरवला की कोमल ध, चढवला की कोमल नी.

बघा, चारही कोमल स्वर आले! पाच काळ्या पट्ट्यांपैकी फक्त काळी तीन, म्हणजे तीव्र म, बाहेर राहिली. भैरवीतले कोमल स्वरही हेच. पण या कॉर्डला भैरवी समजू नका. भैरवीत तानपुऱ्यावर सा सतत असतो, इथे सा मुद्दाम गाळलेला असतो. तो पुढच्या कॉर्डमध्ये यावा आणि घरी पोचल्यासारखं वाटावं, म्हणून तर हा सगळा ताण.

चारही कोमल एकदम वाजवायची गरज नाही. पाचव्यातला एक आणि नवव्यातला एक, एवढे पुरतात. आता हात ठेवा. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि करंगळी वापरा.

१. डावा: मंद्र रे, म. उजवा: मध्य सा, ग, ध.
२. डावा: खर्जातला प आणि मंद्र म. उजवा: मंद्र नी, कोमल ग, कोमल ध.
३. डावा: मंद्र सा, ग. उजवा: मंद्र नी, रे, प.

मधली कॉर्ड ऑल्टर्ड. उजवा हात कुठेही उडी मारत नाही. ध, कोमल ध, प. ग, कोमल ग, रे. प्रत्येक वेळी फक्त अर्धा स्वर खाली. डाव्या हातात म उतरून ग होतो आणि खाली सा भेटतो.

मेट्रोनोम ६० वर ठेवा, प्रत्येक कॉर्डला चार मात्रा द्या. मधल्या कॉर्डमध्ये आधी ग आणि ध शुद्ध ठेवून वाजवा, मग कोमल करा. फरक कानाला पटला की खूण पाठ करावी लागत नाही. नंतर पांढरी चार सा धरून हेच करा.

एक सावधगिरी. गाणारा त्याच क्षणी शुद्ध रे किंवा शुद्ध ध वर थांबला असेल, तर तुमचा कोमल स्वर त्याच्या सुराला बोचेल. तिथे साधी जी सेव्हनच वाजवा. साथ करताना आधी गळा ऐकायचा, मग पट्टी दाबायची.

पुढच्या भागात उरलेली जोडी घेऊ: कोमल रे आणि कोमल नी. तोवर या तीन कॉर्ड हातात बसवून ठेवा.